ब्राउझरमधून सारख्या येणाऱ्या जाहिराती: बंद करूनही परत का येतात आणि मुळापासून कशा काढायच्या

फोन फॉरमॅट मारायला निघाला असाल तर जरा थांबा. दर थोड्या वेळाने टिंग वाजतं आणि वरून पट्टी उतरते. 'तुमच्या फोनमध्ये ५ व्हायरस सापडले', 'तुमचं पार्सल अडकलं आहे', 'कर्ज मंजूर झालं', नाहीतर कुठल्याशा मुलीचा फोटो आणि 'तुम्हाला १ नवा मेसेज'. ती बाजूला सारावी तर थोड्या वेळात दुसरी हजर. दुरुस्तीला येणाऱ्या फोन-लॅपटॉपमध्ये ही तक्रार आता इतकी नेहमीची झाली आहे की गिऱ्हाईक 'व्हायरस' म्हणालं की मी आधी ब्राउझरच्या सेटिंग्ज उघडतो. बहुतेक वेळा काम तिथेच संपतं. कधीतरी कुठल्या तरी साइटने नोटिफिकेशन पाठवण्याची परवानगी मागितलेली असते आणि घाईघाईत ती दिली गेलेली असते.

अँटिव्हायरस टाकून स्कॅन केलं तरी काही सापडत नाही, कारण सापडावी अशी फाइलच तिथे नसते. ही ब्राउझरचीच सोय आहे. क्रोममध्ये ती २०१५ साली आली, फायरफॉक्समध्ये २०१६ च्या सुरुवातीला. बातम्यांच्या साइटला किंवा ईमेलला वेगळं ॲप न बनवता वापरणाऱ्याला कळवता यावं, एवढाच हेतू होता. तुम्ही 'अलाउ' दाबलं की साइट ब्राउझरमध्ये सर्व्हिस वर्कर नावाचा एक छोटा प्रोग्रॅम ठेवते आणि तुमच्या ब्राउझरपर्यंत पोचण्याचा एक पत्ता स्वतःकडे नोंदवून घेते. पुढे त्या पत्त्यावर निरोप धाडला की तो, क्रोम असेल तर गूगलच्या सर्व्हरमार्फत, तुमच्यापर्यंत येतो आणि त्या छोट्या प्रोग्रॅमला जागं करतो. त्यासाठी साइट उघडी असावी लागत नाही. अँड्रॉइडवर तर क्रोमही उघडं लागत नाही. जाहिरातवाल्यांना आणखी काय हवं? 'अलाउ' दाबणारी माणसं गोळा करून दिली की साइटवाल्याला पैसे देणारी पुश जाहिरातींची जाळीच उभी राहिली आहेत. म्हणून काही साइट्सवर परवानगीच्या त्या चौकटीशिवाय बघण्यासारखं काहीच नसतं.

आधी पट्टी नीट वाचा

पट्टी आली की रागाने झटकू नका. (सगळे तेच करतात आणि मग माझ्यासमोर फोन ठेवतात तेव्हा दाखवायला काही उरलेलं नसतं.) तिच्यावर बोट दाबून धरा किंवा खाली ओढून ती मोठी करा. ठळक मजकूर, चित्र, गोल चिन्ह हे सगळं पाठवणाऱ्याच्या हातात असतं. तिथे तो व्हॉट्सॲपचा हिरवा फोन लावेल, बँकेचा लोगो लावेल, अँटिव्हायरसची ढाल लावेल. ब्राउझरचं नाव आणि साइटचा पत्ता मात्र त्याला लपवता येत नाही.

अशी एक पट्टी नुकतीच बघण्यात आली. हिरव्या गोलात फोनचं चित्र, शेजारी ठळक अक्षरांत 'मिस्ड कॉल (२)', त्याखाली 'ऐकण्यासाठी दाबा'. वर बारीक राखाडी अक्षरांत 'क्रोम' आणि त्याला लागून अक्षरं-आकडे वाटेल तसे जोडून बनवलेला, शेवटी 'डॉट टॉप' असलेला पत्ता. व्हॉट्सॲपचा मिस्ड कॉल क्रोममधून कशाला येईल? ती राखाडी ओळ वाचली की निदान झालं. विंडोजच्या लॅपटॉपवर उजव्या कोपऱ्यात खाली येणाऱ्या चौकटीतही ब्राउझरचं नाव आणि पत्ता असाच बारीक अक्षरांत असतो. तो पत्ता कागदावर लिहून ठेवा, पुढे लागेल.

पट्टीवर ब्राउझरऐवजी दुसऱ्याच ॲपचं नाव असेल तर हा लेख तुमच्यासाठी नाही. त्या ॲपची नोटिफिकेशन्स बंद करा किंवा ॲपच काढून टाका. आणि पट्टी न येता जाहिरात थेट सगळा स्क्रीन व्यापत असेल, म्हणजे फोन उचलला की जाहिरात, गॅलरी उघडली की जाहिरात, तर तेही एखाद्या ॲपचंच काम. बॅटरी वाचवणारं, कचरा साफ करणारं, टॉर्च, वॉलपेपर, असलं काहीतरी अलीकडे टाकलेलं निघतं. जाहिरात दिसताक्षणी अलीकडच्या ॲप्सचं बटण दाबा. ज्या ॲपने ती दाखवली त्याचं चिन्ह बऱ्याचदा तिथे पकडलं जातं. नाही पकडलं तर सेटिंग्जमध्ये 'इतर ॲप्सच्या वर दाखवा' ही परवानगी कुणाकुणाला दिली आहे ती यादी बघा. टॉर्चला ती कशाला लागते?

काढायचं कसं

अँड्रॉइडवर क्रोम उघडा, उजवीकडे वरचे तीन ठिपके दाबा, सेटिंग्जमध्ये जा, खाली साइट सेटिंग्ज आणि त्यात नोटिफिकेशन. वर एक मुख्य सेटिंग दिसतं आणि खाली परवानगी दिलेल्या साइट्सची यादी. ही यादी पहिल्यांदा बघणारा माणूस हमखास गप्प होतो. रेसिपीच्या साइट्स, गाणी उतरवण्याच्या साइट्स, नोकरभरतीच्या जाहिराती, मटक्याचे आकडे, आणि त्यांच्या मध्येमध्ये ते वाचताही न येणारे पत्ते. ओळखीची आणि खरोखर हवी असलेली साइट सोडून एकेकीवर टॅप करा आणि 'ब्लॉक' करा. पट्टी अजून समोर असेल तर तिच्यावरच 'अनसबस्क्राइब' असं बटण येतं का बघा. क्रोमने २०२४ मध्ये ही सोय आणली, पिक्सेल फोनपासून सुरुवात करून. त्या एका दाबण्यात त्या साइटची परवानगी जाते.

कॉम्प्युटरवर क्रोममध्ये सेटिंग्ज, प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, साइट सेटिंग्ज, नोटिफिकेशन्स असा रस्ता. एजमध्येही साइट परमिशन्स शोधली की त्यातच नोटिफिकेशन्स आहे. सेटिंग्जच्या शोधपट्टीत तो शब्द टाइप केला की मेनूत भटकावं लागत नाही. फायरफॉक्समध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटीच्या पानावर खाली परमिशन्सच्या भागात नोटिफिकेशन्ससमोरचं सेटिंग्ज बटण दाबा. तिथे यादीच्या खाली एक चौकोन आहे, नव्या साइट्सना परवानगी मागूच देऊ नये असा. त्यावर टिक करा. मॅकवर सफारीत सेटिंग्जमधल्या वेबसाइट्सच्या पानावर डावीकडे नोटिफिकेशन्स असतं आणि तिथेही खाली असाच चौकोन आहे, फक्त तिथली टिक काढायची असते.

हे सगळं करताना त्या साइटवर परत जाऊ नका. पुष्कळ जण 'साइट उघडतो आणि आतून बंद करतो' म्हणतात. आत गेलात की तिथलं 'बंद करा' बटणसुद्धा जाहिरातच असतं.

परत का येतात

खरं डोकं इथेच लावावं लागतं, कारण वरचं करूनही चार दिवसांनी 'पुन्हा सुरू झालं' म्हणत येणारे कमी नाहीत.

सगळ्यात जास्त वेळा आढळतं ते असं: वरचं मुख्य सेटिंग बंद केलेलं असतं आणि खालची यादी तशीच ठेवलेली असते. ते मुख्य सेटिंग फक्त नव्या साइट्सना लागू होतं. ज्यांना आधीच 'अलाउ' मिळालं आहे त्या यादीत बसून पट्ट्या पाठवतच राहतात. माणसाला वाटतं आपण मेन स्विच पाडला, आणि मग 'हा व्हायरसच' अशी खात्री पटते. आधी यादी, मग मुख्य सेटिंग, हा क्रम ठेवा.

दुसरं म्हणजे यादीतून साइट नुसती काढून टाकणं. 'रिमूव्ह' केलं की ब्राउझर त्या साइटला विसरतो. पट्ट्या थांबतात, पण पुढच्या वेळी तिथे गेलात की ती नव्याने विचारू शकते. 'ब्लॉक' केलं की तो पत्ता लक्षात ठेवून नाकारला जातो. घरात लहान मुलं तोच फोन वापरत असतील तर ब्लॉकच हवं.

हिस्टरी आणि कॅशे साफ करणं हा सगळ्यांचा आवडता उपाय आणि इथे बिनकामाचा. नोटिफिकेशनची परवानगी हिस्टरीत नसते. कुकीज आणि साइट डेटा उडवला तर तो सर्व्हिस वर्कर जातो, म्हणून काही काळ शांतता असते. पण परवानगी जागच्या जागीच राहते. पुन्हा त्या साइटवर पाऊल पडलं की ती न विचारता नोंदणी करून घेते आणि मालिका सुरू. 'साफ केलं की आठवडाभर बरं असतं' असं कुणी सांगितलं की समजावं, यादी कुणी उघडलेलीच नाही.

मग ते पत्ते. परवानगी साइटच्या संपूर्ण पत्त्याला मिळते, त्याच्या पुढे लावलेल्या उपपत्त्यासकट. हे या लोकांना चांगलं ठाऊक असतं. असं पान उघडलं की बहुधा मधोमध फिरणारं चक्र असतं, किंवा अडकलेल्या व्हिडिओचं चित्र, आणि वर बाण दाखवून लिहिलेलं: 'तुम्ही रोबोट नाही हे सिद्ध करण्यासाठी अलाउ दाबा.' खऱ्या रोबोट-तपासणीचा आणि नोटिफिकेशनच्या परवानगीचा काडीचाही संबंध नाही. तरी एखादा शहाणा 'ब्लॉक' दाबतो. दाबल्याबरोबर पान उडी मारून तशाच दुसऱ्या उपपत्त्यावर जातं आणि तीच चौकट पुन्हा विचारते. पुन्हा ब्लॉक, पुन्हा उडी. कंटाळून एकदा 'अलाउ' दाबलं की सुटका होते, आणि त्यांना तेवढंच हवं असतं. म्हणून यादीत एकाच नावाचे पुढे वेगवेगळे आकडे लावलेले पत्ते दिसतात. एक ब्लॉक करून बाकीचे सोडले तर बाकीचे पट्ट्या पाठवतात. अशा पानावर चौकटीशी वाद घालू नये, टॅबच बंद करावा.

ही पानं सापडतात कुठे? फुकट क्रिकेट सामना, नवा सिनेमा, गाणी उतरवणं हे तर आलंच. पण दहावी-बारावीच्या निकालाच्या दिवशी, सातबारा काढताना, लाडकी बहीण योजनेची यादी शोधताना नेमक्या सरकारी साइटऐवजी तिच्यासारख्या नावाची पानं आधी उघडली जातात, हे मी पुन्हा पुन्हा बघतो. सरकारी सर्व्हर निकालाच्या तासाला धापा टाकत असतो, पालकांचा जीव टांगणीला, आणि तेवढ्यात 'निकाल पाहण्यासाठी अलाउ दाबा' असं म्हटलं तर कोण नाही दाबणार.

कधी सगळी यादी कोरी करूनही पट्ट्या येतात. तेव्हा दुसरा ब्राउझर शोधा. फोन बनवणाऱ्या कंपन्या आपापला ब्राउझर आधीच घालून देतात आणि लिंक कधी क्रोममध्ये तर कधी त्यात उघडते. विंडोजवर एज असतोच. क्रोममध्ये दोन प्रोफाइल असतील, एक तुमचं आणि एक मुलाचं, तर प्रत्येकाची यादी वेगळी. पट्टीवरची राखाडी ओळ वाचायला सांगितली ती यासाठी. अँड्रॉइडवर पट्टी दाबून धरून तिच्या सेटिंग्जमध्ये गेलात की नेमक्या त्याच ब्राउझरच्या नोटिफिकेशनपाशी पोचता.

लॅपटॉपवर 'क्रोम बंद केलं तरी जाहिराती येतात' असं कुणी म्हणालं तर क्रोमच्या सेटिंग्जमध्ये सिस्टीम हे पान उघडा. क्रोमची खिडकी बंद केल्यावरही मागे काम चालू ठेवायचं का, असं तिथे विचारलेलं असतं. ते बंद करा. मूळ दुखणं त्याने जात नाही, पण रात्री कीर्तन लावलेल्या लॅपटॉपवर रमीची जाहिरात तरी येत नाही.

यादीतली एखादी साइट हलतच नसेल, तिच्यापुढे ठिपक्यांऐवजी छोट्या इमारतीचं चिन्ह असेल आणि तीन ठिपक्यांच्या मेनूच्या तळाशी 'तुमची संस्था हा ब्राउझर सांभाळते' अशा अर्थाची ओळ दिसत असेल, तर प्रकरण वेगळं. कंपनीच्या किंवा कॉलेजच्या लॅपटॉपवर ही ओळ रास्त आहे. तिथल्या आयटीवाल्यांना सांगा. काही अँटिव्हायरसमुळेही ती दिसते. पण घरच्या कॉम्प्युटरवर ती आपोआप उगवली असेल तर कुठल्या तरी प्रोग्रॅमने विंडोजच्या रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोज आपल्या सेटिंग्ज साठवते त्या जागी, क्रोमसाठी धोरण (क्रोमने पाळायचे नियम) लिहून ठेवलेलं असू शकतं. फुकट पीडीएफ कन्व्हर्टर किंवा क्रॅक केलेलं सॉफ्टवेअर टाकताना हे आत शिरतं. इथे क्रोम काढून परत टाकण्यानेही काही होत नाही, कारण धोरण क्रोमच्या बाहेर बसलेलं असतं. आधी विंडोजच्या ॲप्सची यादी तारखेप्रमाणे लावा आणि त्या सुमारास आलेलं अनोळखी सगळं काढा. क्रोममधली अनोळखी एक्स्टेन्शन्सही काढा. मग रजिस्ट्री एडिटर उघडून लोकल मशीन आणि करंट यूजर या दोन्हीखाली सॉफ्टवेअर, पॉलिसीज, गूगल, क्रोम असा फोल्डर आहे का बघा. काही पुसण्याआधी त्याची एक्स्पोर्ट करून प्रत ठेवा. आधीचा क्रम चुकवून थेट रजिस्ट्री पुसली तर मूळ प्रोग्रॅम पुढच्या वेळी कॉम्प्युटर चालू होताच ती परत लिहितो. रजिस्ट्रीला हात लावायची सवय नसेल तर हे काम जाणकाराकडून करून घ्या. फॉरमॅटपेक्षा पुष्कळ कमी वेळ लागतो.

घरातल्या वडीलधाऱ्यांच्या फोनवर मी सरसकट सगळं बंद करतो. त्यांचे बँकेचे मेसेज एसएमएसने येतात, बाकी सगळं व्हॉट्सॲपवर आणि आपापल्या ॲपमधून येतं. ब्राउझरच्या नोटिफिकेशनवाचून त्यांचं काहीच अडत नाही. ऑफिसच्या लॅपटॉपवर मात्र ईमेल, कॅलेंडर, व्हॉट्सॲप वेब यांची परवानगी काढलीत तर मीटिंग चुकेल. तिथे यादी निवडून साफ करा.

ब्राउझर कंपन्याही आता जाग्या झाल्या आहेत. फायरफॉक्सने २०२० च्या सुरुवातीपासून पान उघडताच उगवणारी परवानगीची चौकट बंद केली, आधी तुम्ही पानावर काहीतरी करावं लागतं. क्रोमने त्याच वर्षी त्रास देणाऱ्या साइट्सच्या चौकटी दाबायला सुरुवात केली. ऑक्टोबर २०२५ मध्ये गूगलने जाहीर केलं की ज्या साइटकडे तुम्ही फिरकत नाही आणि जी भरमसाट पट्ट्या पाठवते तिची परवानगी क्रोम आपणहून काढून घेईल. एकूण नोटिफिकेशन्सपैकी एक टक्क्याहून कमींना कुणी हात लावतं, हेही तेव्हा त्यांनीच सांगितलं. हे फायदे अपडेट केलेल्या क्रोमला मिळतात. 'डेटा जातो' म्हणून प्ले स्टोअरचे अपडेट बंद करून ठेवलेल्या फोनवर ते पोचत नाहीत.

आयफोनवाल्यांसाठी

आयफोनवर साइटला अशी नोटिफिकेशन्स पाठवता येऊ लागली ती २०२३ च्या आयओएस १६.४ पासून, तीही साइट होम स्क्रीनवर ठेवली असेल तरच. त्यामुळे आयफोनवर 'व्हायरस सापडला'च्या सूचना येत असतील तर ब्राउझर सोडा आणि कॅलेंडर उघडा. एखाद्या पानाने तुमच्याकडून कॅलेंडर सबस्क्राइब करून घेतलेलं असतं आणि रोजच्या तारखांवर 'तुमचा फोन धोक्यात' अशा मीटिंगा लावलेल्या असतात. कॅलेंडर ॲपमध्ये खालचं 'कॅलेंडर्स' दाबा, अनोळखी कॅलेंडरच्या शेजारचं माहितीचं गोल चिन्ह दाबा आणि ते काढून टाका. एकेक मीटिंग पुसत बसू नका, आणि मीटिंगमधल्या लिंकवर तर मुळीच टॅप करू नका.

पट्टीवर टॅप झालं असेल तर

नुसतं पान उघडलं आणि बंद केलं, तर घाबरण्याचं कारण नाही. यादी साफ करा आणि पुढे चला. तिथून एपीके फाइल (प्ले स्टोअरबाहेरून ॲप टाकायची फाइल) उतरवून टाकली असेल, मग नाव 'चलन' असो, 'लग्नपत्रिका' असो नाहीतर 'क्लीनर', तर आधी वायफाय आणि मोबाइल डेटा बंद करा. सेटिंग्जमध्ये ॲक्सेसिबिलिटीची आणि डिव्हाइस ॲडमिनची परवानगी कुणाला आहे ते बघा, ती काढा आणि मग ॲप अनइन्स्टॉल करा. ती परवानगी असताना काही ॲप्स निघतच नाहीत. कार्डाचा नंबर, ओटीपी किंवा यूपीआय पिन दिला गेला असेल तर बाकी सगळं बाजूला ठेवून दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवा आणि १९३० वर फोन करा. हा सायबर फसवणुकीचा राष्ट्रीय मदत क्रमांक आहे. फोन जितका लवकर, तितकी पैसे वाटेत अडवले जाण्याची शक्यता जास्त. पट्टीचा आणि पानाचा स्क्रीनशॉट असेल तर ठेवा.

पुढच्या खेपेला निकाल किंवा यादी बघायची असेल तेव्हा क्रोमची इन्कॉग्निटो खिडकी उघडा. तिथे साइटला नोटिफिकेशनची परवानगी मिळतच नाही, कितीही बाण दाखवोत. आणि झेरॉक्सच्या दुकानात किंवा ई-सेवा केंद्रात दिवसभर दहा माणसं एकाच क्रोममध्ये आपापली कामं उरकत असतील तर गिऱ्हाइकांसाठी गेस्ट मोड लावा. उजवीकडे वर प्रोफाइलच्या चिन्हावर क्लिक केलं की तो पर्याय सापडतो. ती खिडकी बंद झाली की त्यातलं सगळं पुसलं जातं, गिऱ्हाइकाचं लॉगिन राहून गेलेलं ईमेलसुद्धा.